चित्रातला राग आणि बुऱ्हाणपूरचा खानखाना

सुरुवातीला एक सोपं कोडं घालते. एका चित्रात पूर्ण चंद्र आहे आणि त्याच्याखाली पियानो. संगीतकार कोण आणि रचना कोणती? बरोबर, बीथोव्हनचा 'मूनलाइट सोनाटा'. चार झाडं आहेत, एक बहरलेलं, एक कडक उन्हातलं, एक पानगळीतलं, एक बर्फातलं. मग विवाल्डीचे 'फोर सीझन्स'. पाण्यात सुळकन वळणारा ट्राउट मासा दिसला की शूबर्ट. क्विझमध्ये अशी एक फेरी हमखास असते. ज्याच्या कानावर लहानपणापासून हे संगीत पडलंय तो लगेच बझर दाबतो, बाकीचे नुसते चंद्राकडे बघत बसतात. गंमत म्हणजे 'मूनलाइट' हे नाव बीथोव्हनने दिलेलंच नाही. तो गेल्यावर काही वर्षांनी एका समीक्षकाला ते सूर ऐकून तळ्यावरचं चांदणं आठवलं आणि ते नाव त्या रचनेला कायमचं चिकटलं.

आता आपल्याकडचं कोडं बघा. एक बाई हातात वीणा घेऊन रानात उभी आहे आणि हरणं माना वर करून तिचं वाजवणं ऐकतायत. दुसऱ्या चित्रात एक पुरुष फुलांच्या धनुष्याने नेम धरतोय आणि नेम आहे आरवणाऱ्या कोंबड्यावर. तिसऱ्या चित्रात चक्क पैलवान आहेत, एकजण मल्लखांबासारख्या खांबावर चढलाय. चौथ्यात एक बाई मांडीवर फळी घेऊन कोणाचं तरी चित्र काढतेय. सांगा, ही चित्रं कसली?

ही चारही चित्रं रागांची आहेत. पहिली तोडी. दुसरा विभास, सकाळचा राग. रात्र संपूच नये म्हणून तो प्रियकर कोंबड्यालाच गप्प करायला निघालाय. तिसरा देशाख, जोमाचा आणि ताकदीचा. चौथी धनाश्री, दूर गेलेल्या प्रियकराचा चेहरा आठवून आठवून काढणारी. अशा चित्रांच्या संचाला 'रागमाला' म्हणतात. एका नेहमीच्या हिशेबात सहा राग आणि प्रत्येकाच्या पाच रागिण्या, म्हणजे एकूण छत्तीस चित्रं. प्रत्येक रागाचं रूप सांगणारे श्लोक असत, त्यांना 'ध्यान' म्हणत. चित्रकार त्या ध्यानावरून चित्र रंगवायचा आणि बघणारा चित्रावरून राग ओळखायचा.

आम्हा कॅथलिक मुलांना ही पद्धत तशी नवीन नाही. चर्चमधल्या मूर्तींखाली नाव लिहिलेलं नसलं तरी आमची आजी बरोबर सांगायची. हातात किल्ल्या म्हणजे संत पेत्र, अंगात बाण रुतलेले म्हणजे संत सेबॅस्टियन, ऑर्गन वाजवणारी म्हणजे संत सेसिलिया. आजीला हे तिच्या आजीने सांगितलेलं. चित्रातल्या कोड्याचं खरं उत्तर चित्रात नसतंच, ते सांगणाऱ्या माणसाकडे असतं. सांगणारं माणूस गेलं की किल्ली ही नुसती किल्ली उरते आणि हरीण नुसतं हरीण.

या लेखात मला ज्या माणसाबद्दल लिहायचंय, त्याने आयुष्यभर जवळजवळ हेच काम केलं. एका भाषेतलं दुसऱ्या भाषेतल्यांना ओळखता यावं, ऐकायचं ते बघता यावं, म्हणून पैसा, माणसं आणि स्वतःची लेखणी त्याने वापरली. तो म्हणजे अब्दुर रहीम खानखाना. हिंदीच्या पुस्तकात आपण त्याला चार-पाच दोह्यांपुरतं भेटतो, परीक्षेत भावार्थ लिहितो आणि विसरून जातो. त्याच्या आयुष्याची जवळजवळ तीस वर्षं आपल्या दाराशी, खानदेशात आणि दख्खनेत गेली, हे मात्र कोणी सांगत नाही.

भुसावळहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की केळीच्या बागा सुरू होतात. रावेर मागे पडतं, महाराष्ट्र संपतो आणि लगेच बुऱ्हाणपूर येतं. आज हे मध्य प्रदेशात आहे, पण घराघरांत मराठी ऐकू येते. तापीच्या एका काठावर बुऱ्हाणपूर आणि समोरच्या काठावर जैनाबाद. ही दोन्ही गावं फारुकी सुलतान नासिरखान याने वसवली आणि त्यांना दोन सूफी संतांची नावं दिली. शेख बुऱ्हाणुद्दीन यांच्यावरून बुऱ्हाणपूर आणि शेख जैनुद्दीन यांच्यावरून जैनाबाद. हे दोघेही संत वेरूळजवळच्या खुलताबादला चिरविश्रांती घेत आहेत. म्हणजे सीमेपलीकडच्या या जोडगावांची नावं मराठवाड्याच्या मातीतून गेलेली आहेत.

जैनाबादला 'आहुखाना' नावाची जागा आहे. फारसीत 'आहू' म्हणजे हरीण, आणि आहुखाना म्हणजे हरणांची राखलेली बाग. मुमताज महल १६३१ साली बुऱ्हाणपूरला वारली तेव्हा आग्र्याला नेण्यापूर्वी तिला तात्पुरतं इथेच दफन केलं होतं. लोक तेवढ्यासाठीच ही जागा बघायला जातात. मला मात्र हे नाव वाचल्यावर तोडीच्या चित्रातली हरणं आठवली.

राग आणि रूप यांची जोडी या प्रदेशाला रहीम येण्याआधीच माहीत होती. फारुकी घराण्यातल्या बुऱ्हाणखानाच्या आश्रयाला कर्नाटकातून आलेला पुंडरीक विठ्ठल नावाचा एक मोठा संगीतपंडित होता. त्याने 'सद्रागचंद्रोदय' हा संस्कृत ग्रंथ इथे लिहिला. पुढे तो उत्तरेत गेला आणि १५७६ साली त्याने 'रागमाला' लिहिली. तिच्यात राग माणसांसारखे समोर येतात, त्यांचा रंग, कपडे, हातातल्या वस्तू, स्वभाव, सगळं सांगितलेलं. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी विसाव्या शतकात पुंडरीकाचे ग्रंथ पुन्हा छापून पुढे आणले, म्हणून ते आपल्याला वाचता येतात. आणखी एक गोष्ट. बुऱ्हाणपूरची जामा मशीद १५९०च्या सुमारास फारुकींनी बांधली आणि तिच्यात अरबी शिलालेखाच्या सोबतीने संस्कृत शिलालेखही कोरला. अशा गावात रहीमसारखा माणूस रमला यात नवल नाही.

रहीमचा जन्म १७ डिसेंबर १५५६चा, लाहोरचा. बाप बैरामखान तुर्कमान सरदार, तेरा वर्षांच्या अकबराला गादीवर बसवून त्याच्या नावाने राज्य चालवणारा. आई मेवातची. म्हणजे घरातच दोन दुनिया. बैरामखानाला गाण्याचा नाद होता. रामदास नावाच्या गवयाला त्याने, खजिना रिकामा असतानाही, एका वेळी एक लाख टंके दिले, असं त्या काळचा इतिहासकार बदायुनी नोंदवतो. पुढे अकबराशी बिनसलं आणि बैरामखान हजला निघाला. वाटेत गुजरातमध्ये पाटणला १५६१ साली एका अफगाणाने जुन्या वैरातून त्याचा खून केला. रहीम तेव्हा चार वर्षांचा होता. लुटालुटीतून वाचवून त्याला अकबरापुढे नेलं. ज्याच्याशी बापाचं बिनसलं होतं त्याच बादशहाने पोराला जवळ घेतलं. बैरामखानाची विधवा सलीमा सुलतान बेगम हिच्याशी अकबराने लग्न केलं आणि रहीम दरबारातच वाढला.

तिथे त्याने तुर्की, फारसी, अरबी, संस्कृत आणि हिंदवी अशा भाषा आत्मसात केल्या. आपल्याकडे दोन भाषा येणाऱ्या मुलाचं कौतुक होतं आणि त्याच वेळी त्याच्याकडे जरा संशयाने पण बघतात. मराठीत बोललं तर 'अरे, तुला येते?' आणि इंग्रजीत बोललं तर 'मराठी विसरलास वाटतं'. रहीमला पाच भाषा येत होत्या. संशयसुद्धा त्याच प्रमाणात वाट्याला येणार होता.

वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, १५८४च्या जानेवारीत, अहमदाबादजवळ सरखेजला त्याने गुजरातच्या मुजफ्फरशहाचा पराभव केला. त्याच्याजवळ फौज कमी होती, मदत यायची होती, पण तो थांबला नाही. त्याबद्दल त्याला 'खानखाना' हा किताब मिळाला. हाच किताब त्याच्या बापाचाही होता. पुढे सिंध जिंकताना ठठ्ठ्याच्या मिर्झा जानी बेगला त्याने शरण आणलं. या दोन मोहिमांच्या मध्ये त्याने एक वेगळंच काम पार पाडलं. बाबराने आपलं आत्मचरित्र चगताई तुर्कीत लिहिलं होतं. दरबारात ती भाषा वाचणारे कमी होत चालले होते. रहीमने ते सगळं फारसीत आणलं आणि १५८९ साली अकबराला दिलं. अकबर स्वतः वाचत नसे, दुसऱ्याकडून वाचून घेत असे, पण चित्रं फार आवडीने बघत असे. या भाषांतराच्या सचित्र प्रती दरबारात तयार झाल्या. नातवाला आजोबांचा आवाज ऐकू आला तो रहीममुळे.

त्यानंतर रहीम दक्षिणेत आला. शहाजादा मुराद आणि रहीम यांनी १५९५च्या अखेरीस अहमदनगरला वेढा घातला. आत चांदबीबी होती. भिंत पडली तरी तिने किल्ला पडू दिला नाही, शेवटी वऱ्हाड देऊन तह झाला. या वेढ्यात मुराद आणि रहीम यांचं एकमेकांशी मुळीच पटलं नाही. फेब्रुवारी १५९७मध्ये गोदावरीकाठी आष्टीला दख्खनी फौजांशी मोठी लढाई झाली, त्यात रहीम जिंकला. अहमदनगर १५९९पर्यंत हाती आलं नाही, ते पडलं १६००मध्ये. जानेवारी १६०१मध्ये बुऱ्हाणपूरजवळचा अशीरगड अकबराकडे आला आणि खानदेश मुघलांचा झाला. त्या वेळी अकबराबरोबर बुऱ्हाणपुरात जेरोम झेवियर हा जेझुइट धर्मगुरूही होता, आणि इथूनच त्याचा सहकारी बेंतो द गोइश अकबराच्या वकिलासोबत गोव्याला गेला. म्हणजे आपल्या गोव्याचं आणि बुऱ्हाणपूरचंही एक जुनं नातं आहे.

खानदेश शहाजादा दानियाल याला मिळाला. दानियाल हा रहीमचा जावई, त्याची मुलगी जाना बेगम हिचा नवरा. दानियालला दारूचं व्यसन होतं. अकबराने रहीमला बजावलं की पहारा ठेव, एक थेंबही आत जाऊ देऊ नको. रहीमने पहारा ठेवला. मग दानियालने आपल्या एका माणसाला फितवून स्वतःच्या आवडत्या बंदुकीच्या नळीतून दारू आत मागवली. नळीतला गंज आणि दारूचा जुना कैफ यांची विषारी दारू त्याच्या पोटात गेली आणि तो बुऱ्हाणपुरातच वारला. जहांगीराने आपल्या आठवणींत ही हकीकत लिहून ठेवली आहे. मुलगी विधवा झाली, आणि पहारा रहीमचाच होता. त्या दिवसांत बापाच्या मनात काय चाललं असेल याची मला कल्पना करवत नाही.

अशा लढाया आणि अशी दुःखं यांच्यामध्ये त्याची चित्रशाळा आणि ग्रंथालय चालू होतं. अकबराच्या दरबारात रामायणाचं फारसी भाषांतर झालं होतं. रहीमने त्याची स्वतःसाठी एक प्रत करवून घेतली आणि तिच्यात सव्वाशेहून जास्त चित्रं काढवली. श्यामसुंदर आणि मुश्फिक असे हिंदू-मुसलमान चित्रकार त्यावर एकत्र राबत होते. ती प्रत आज वॉशिंग्टनच्या फ्रीर संग्रहालयात आहे. महाभारताचीही सचित्र प्रत त्याने करवली. इराणातल्या नहावंदहून आलेल्या अब्दुल बाकीने बुऱ्हाणपुरात राहून 'मआसिर-ए-रहीमी' हा मोठा ग्रंथ १६१६मध्ये पुरा केला. रहीमच्या पदरी कोण कवी होते, कोण सुलेखनकार, कोण चित्रकार, हे त्यात नावानिशी आहे. आपण ज्याला आज 'टीम' म्हणतो तिची त्या काळची एवढी तपशीलवार नोंद क्वचित मिळते.

रागमालेकडे येऊ. इंग्लंडात ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात एक हिंदुस्थानी चित्रांचा अल्बम आहे. त्यात तीस चित्रं आहेत आणि त्यांपैकी अठरा रागमालेची आहेत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीची ही चित्रं रहीमच्या चित्रशाळेतली असावीत असं कला-इतिहासकार त्यांच्या शैलीवरून मानतात. बादशाही चित्रांसारखी ती बारीक कलाकुसरीची नाहीत. रंग सपाट आणि भडक, माणसं थोडी, जागा मोकळी. कोडं घालायला असंच चित्र बरं, कारण ओळखीची खूण चटकन दिसते.

रहीमला यात रस का वाटला असेल, हे त्याच्याच एका पुस्तकावरून समजतं. त्याने 'बरवै नायिकाभेद' लिहिलं. त्यात अवधी भाषेत, बरवै या छोट्याशा छंदात, नायिकांचे प्रकार आहेत. वाट बघणारी, रुसलेली, भेटायला निघालेली, नवरा परदेशी गेलेली. रागमालेतल्या रागिण्या म्हणजे याच नायिका. धनाश्री ही विरहिणी, ललित रागात प्रियकर पहाटे झोपलेल्या प्रियेला सोडून निघतो. जो माणूस एका ओळीत एक नायिका उभी करत होता, त्याला एका चौकोनात एक नायिका बघायला आवडलं असणारच. कविता, चित्र आणि गाणं ही त्याच्यासाठी तीन वेगळी दालनं नव्हती.

बुऱ्हाणपूरच्या लोकांना मात्र रहीम वेगळ्याच गोष्टीमुळे आठवतो, ती म्हणजे पाणी. सातपुड्याच्या पायथ्याचं जमिनीखालून झिरपणारं पाणी त्याने भुयारातून गावात आणलं. भुयारावर ठिकठिकाणी विहिरीसारख्या कुंड्या आहेत, त्या शंभराहून जास्त. याला कुंडी भंडारा किंवा खुनी भंडारा म्हणतात. हे काम १६१५चं. अजूनही तिथे पाणी वाहतं आणि २०२४मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत त्याचं नाव आलं. त्याच १६१५ सालच्या नोव्हेंबरमध्ये इंग्रज वकील सर टॉमस रो बुऱ्हाणपुरात आला होता. त्याला शहाजादा, खानखाना आणि थोड्या बड्या लोकांची घरं सोडली तर बाकी गाव मातीच्या झोपड्यांचं दिसलं. हेही लिहायला हवं. रंगीत चित्रं मोजक्या घरांत बघितली जात होती. भुयारातलं पाणी मात्र पुढे कैक पिढ्यांनी प्यायलं.

इथून पुढचं रहीमचं आयुष्य वाचताना जीव हळहळतो. मलिक अंबरने १६१०मध्ये अहमदनगर परत घेतलं तेव्हा खापर रहीमवर फुटलं. दख्खनच्या लोकांशी त्याचं आतून साटंलोटं आहे, अशी कुजबूज दरबारात कायमच होती. त्याला परत बोलावलं गेलं, दुसऱ्यांना पाठवलं गेलं, त्यांनाही जमलं नाही, तेव्हा १६१२मध्ये पुन्हा त्यालाच धाडलं. ज्याला शत्रूची भाषा कळते त्याच्यावर आपल्या माणसांचा विश्वास बसत नाही, आणि त्याच्याशिवाय चालतही नाही. दुभाष्यांचं नशीब बहुतेक असंच असतं.

त्याचा थोरला मुलगा शाहनवाजखान शूर होता. जालन्याजवळ रोशनगावला १६१६मध्ये त्याने मलिक अंबरला हरवलं. पण १६१९मध्ये तोही दारूपायी तरुण वयातच वारला. त्याची कबर बुऱ्हाणपुरात उतावळी नदीच्या काठी आहे, लोक तिला 'काळा ताजमहाल' म्हणतात. आधी जावई दारूने गेला, मग मुलगा. पाठोपाठ आणखी एक मुलगा, रहमानदाद, आजारात गेला. पुढच्याच वर्षी मलिक अंबरच्या फौजांनी बुऱ्हाणपूरला वेढा घातला आणि साठी ओलांडलेला रहीम आत अडकला. मदतीसाठी तो बादशहाला पत्रांवर पत्रं पाठवत राहिला.

नंतर शाहजहानने बापाविरुद्ध बंड केलं. रहीमची नात त्याला दिलेली होती. रहीम आधी त्याच्या बाजूला गेला, मग दोन्हीकडच्या तडाख्यात सापडला आणि शेवटी महाबतखानाच्या कैदेत पडला. त्याचा मुलगा दाराबखान याला महाबतखानाने ठार मारलं आणि त्याचं डोकं बापाकडे पाठवलं. झाकलेल्या ताटात टरबूज आहे असं सांगून ते समोर ठेवलं होतं, अशी हकीकत जुन्या चरित्रांत आहे. झाकण काढल्यावर म्हाताऱ्याने जे उत्तर दिलं तेसुद्धा त्यात आहे, पण मला ते इथे उतरवावंसं वाटत नाही. एवढं सांगते की त्याने आरडाओरडा केला नाही.

पुढे जहांगीरने त्याला बोलावून घेतलं, माफ केलं, किताब परत दिला. आता महाबतखानच बंडखोर ठरला होता आणि त्याच्या पाठलागाचं काम रहीमकडे आलं. पण अंगात ताकद उरली नव्हती. १६२७ साली तो दिल्लीत वारला, सत्तर वर्षांचा होऊन. हुमायूनच्या मकबऱ्याजवळ त्याने आपल्या बायकोसाठी, माहबानूसाठी, १५९८मध्ये मकबरा बांधला होता. तिथेच त्यालाही ठेवलं. अठराव्या शतकात सफदरजंगाच्या मकबऱ्यासाठी या मकबऱ्याचा संगमरवर आणि दगड उचकटून नेला आणि ही इमारत बोडकी झाली. बऱ्याच वर्षांच्या डागडुजीनंतर २०२०मध्ये ती पुन्हा लोकांसाठी खुली झाली.

आणि त्या अठरा चित्रांचं काय झालं? कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम लॉड यांनी हा अल्बम १६४०मध्ये ऑक्सफर्डला दिला. पाच वर्षांनी राजकारणात त्यांचाही शिरच्छेद झाला. त्यानंतर ही चित्रं तीनशे वर्षं ग्रंथालयात पडून होती. जपून ठेवलेली, क्रमांक घातलेली, पण हरणांना बघून तोडी गुणगुणणारं तिथे कोणी नव्हतं. १९५३मध्ये हर्बर्ट स्टूक आणि मुंबईचे कलासमीक्षक कार्ल खंडालावाला यांनी मिळून त्यांच्यावर पुस्तक काढलं. त्यात चित्रकलेसोबत संगीताचाही विचार केलेला होता. कोड्याला पुन्हा उत्तर सांगणारे मिळाले, त्यातला एक आपल्या मुंबईचा.

तरी पूर्ण उत्तर आता कोणालाच देता येणार नाही. राग बदलत गेले. ज्याला तेव्हा तोडी म्हणत तिचे सूर आजच्या भैरवीच्या जवळचे होते, असं संगीताचे अभ्यासक सांगतात. म्हणजे चित्र तेच राहिलं, नाव तेच राहिलं, आणि मधला आवाज हलला. रहीमच्या चित्रशाळेत बसून कोणी हरणांचं चित्र बघताना जे सूर मनात ऐकले असतील, ते आपल्या कानांना कदाचित भैरवीसारखे लागले असते. मला हे वाचून आधी वाईट वाटलं. मग वाटलं, भाषांचंही असंच होतं की. ज्ञानेश्वरीतले कितीतरी शब्द आपण आज वापरतो, पण अर्थ सरकलेले असतात. म्हणून काय आपण वाचणं सोडतो?

साहित्याचे विद्यार्थी म्हणून आपण रहीमकडे दोह्यांच्या पलीकडे जाऊन बघावं असं मला मनापासून वाटतं. सत्ता, किताब, पोरं, सगळं त्याच्या डोळ्यांदेखत गेलं. उरलं ते त्याने एकाकडून घेऊन दुसऱ्याच्या हाती दिलेलं. तुर्कीतलं फारसीत, संस्कृतातलं चित्रात, गाण्यातलं रंगात, डोंगरातलं पाणी गावात. आपल्या वर्गात घरी मराठी, कॉलेजात इंग्रजी, बाजारात हिंदी बोलणारे कितीतरीजण आहेत. आपण कुठल्याच भाषेचे धड नाही असं त्यांना कधीकधी वाटतं. त्यांनी हा माणूस वाचावा. मधल्या जागेत उभं राहणं ही कमतरता नसते, तिथून काहीतरी पुढे देता येतं. ते सोपं मात्र नसतं, याचीही तयारी ठेवावी.

बुऱ्हाणपूरला गेलात तर मावा जलेबी खाच, पण कुंडी भंडाऱ्यात उतरा, जामा मशिदीतला संस्कृत शिलालेख बघा, शाहनवाजच्या कबरीपाशी थोडं थांबा. मग पूल ओलांडून जैनाबादला आहुखान्यात जा. जाण्याआधी मोबाइलवर तोडी ऐका, आणि लगेच भैरवीही ऐका. त्यानंतर तोडीचं एखादं जुनं चित्र उघडून बघा. ती हरणं नक्की काय ऐकतायत, हे तुमचं तुम्हालाच ठरवावं लागेल.